जादा वेळ दिला, लेखनिक दिला. पण प्रश्नपत्रिकेचे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकरोडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत यंदा आठवी ते दहावीत सात दिव्यांग विद्यार्थी आहेत. एक पूर्ण दृष्टिहीन, एक अल्पदृष्टी, दोन कर्णबधिर, दोन अध्ययन अक्षम आणि एक सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर पुरता ताबा नसणे) असलेला. बोर्डाच्या परीक्षेत मिळतो तसा जादा वेळ आणि लेखनिक शाळेच्या घटक चाचण्यांत आणि सत्र परीक्षांतही दिला तर पुरेल का, आणि तयारी कधी सुरू करावी, असे परीक्षा विभागाने विचारले आहे.

तेवढ्याने पुरत नाही. जी प्रश्नपत्रिका तीन तासांत वाचता येत नाही ती चार तासांतही येत नाही. लेखनिक उत्तर उतरवून घेतो, पण आकृतीतला कोन तो बोटांना कसा दाखवणार? खरे काम प्रश्न काढण्याच्या टेबलावर सुरू होते, परीक्षेच्या तीन-चार आठवडे आधी. ते तिथे झाले नाही तर परीक्षेच्या दिवशी केंद्रसंचालक कितीही मनापासून धडपडले तरी भरपाई होत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. प्रत्येक विषयशिक्षक संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, करतातच: घटक, उद्दिष्ट, प्रश्नप्रकार, गुण. त्यात एक रकाना वाढवा, ‘या प्रश्नात कशाचे गुण नाहीत’. उदाहरण घ्या. भूगोलाच्या पेपरात लासलगाव बाजार समितीतल्या कांद्याच्या मासिक आवकेचा स्तंभालेख दिला आहे आणि सर्वाधिक आवक कोणत्या महिन्यात झाली ते विचारले आहे. शिक्षकाला आलेख वाचण्याचे कौशल्य तपासायचे असेल, तर दृष्टिहीन मुलाला तो आलेख उठावाचाच, म्हणजे बोटांना लागेल असा, द्यायला हवा. तक्ता दिला तर कौशल्य तपासलेच जात नाही. आकड्यांची तुलना तपासायची असेल तर साधा दोन स्तंभांचा तक्ता पुरे. आणि उन्हाळ कांदा बाजारात एकदम का येतो हे कारण विचारायचे असेल, तर आकडेही दोन वाक्यांत सांगता येतात, चित्राची गरजच नाही. म्हणजे एकाच प्रश्नाची तीन वेगळी सुलभ रूपे होतात, आणि त्यांतले कोणते योग्य हे शिक्षकच ठरवू शकतो. लेखनिक किंवा पर्यवेक्षक नाही.

हा रकाना भरला की बरेच वाद आपोआप मिटतात. विज्ञानाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण नाहीत, तर डिस्लेक्सिया (वाचण्यातली आणि शब्द लिहिण्यातली अडचण) असलेल्या मुलीचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून गुण कापायचे नाहीत. मराठीच्या पेपरात शुद्धलेखनाचा स्वतंत्र प्रश्न असेल तर तिथे मात्र ते तपासायचे. इतिहासात अक्षराचे गुण नाहीत, नकाशा भरण्यात रंगकामाचे नाहीत. पातळी खाली आणल्याचा आक्षेप इथे टिकत नाही, कारण जे तपासायचे ते सगळे जागच्या जागी आहे.

आता प्रश्नपत्रिका टाइप करण्याकडे वळू, कारण मराठी शाळांत सर्वात जास्त घोळ इथे होतो आणि त्याकडे सर्वात कमी लक्ष जाते. प्रश्नपत्रिका बहुतेक वेळा बाहेर डीटीपीला जाते आणि श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये येते. कागदावर ती सुरेख दिसते. पण त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. फाँट त्यांना देवनागरीचा पेहराव चढवतो. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, ती फाइल उघडली की अर्थहीन अक्षरे वाचतो. ब्रेलमध्ये रूपांतर करणारे सॉफ्टवेअर तेच अर्थहीन ठिपके उमटवते. म्हणून डीटीपीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा, मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठतात. फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट मिळतात.

जुन्या प्रश्नपत्रिका कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणत असाल तर नेमक्या चार ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा. रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला र बिघडतो. वजाचे चिन्ह आडव्या रेघेत मिसळून जाते. आणि सर्वात घातक म्हणजे घातांक खाली उतरतो. १०² चे १०२ होते आणि मुलाचे सगळे गणित बरोबर असूनही उत्तर चुकते. रासायनिक सूत्रांतले पायाचे आकडेही असेच निसटतात.

मांडणीचे दोन-तीन नियम पाळले की निम्मी कटकट संपते. जोड्या लावा हा प्रश्न स्पेसबार दाबून दोन रांगांत मांडू नका. स्क्रीन रीडर आडवा वाचत जातो आणि दोन्ही गटांची खिचडी होते. खरा तक्ता घाला, किंवा आधी पूर्ण ‘अ’ गट आणि मग पूर्ण ‘ब’ गट द्या. रिकामी जागा भराच्या लांब अधोरेषेऐवजी शब्दांतच ‘रिकामी जागा’ लिहा, नाहीतर मुलाच्या कानात प्रत्येक रेघेचे नाव पडत राहते. दोन्ही समास सरळ करण्याचा मोह टाळा. ओळ डावीकडे सरळ, उजवीकडे सैल ठेवा. सरळ समासामुळे शब्दांत पडणाऱ्या कमी-जास्त फटी डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना फार त्रास देतात.

अल्पदृष्टी विद्यार्थ्यासाठी सर्रास केले जाते ते म्हणजे ए-फोर पान ए-थ्रीवर मोठे करून झेरॉक्स. हे वाढवणे १४१ टक्के असते, म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम १७ चे होते. ज्याला २४ लागते त्याला ते अपुरेच. शिवाय ए-थ्री पान ४२ सेंटिमीटर लांब. शाळेच्या बाकावर ते मावत नाही, खाली लोंबते, आणि ज्या मुलाचे डोळे कागदापासून आठ-दहा सेंटिमीटरवर असतात त्याला पानाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अख्खे अंग हलवावे लागते. झेरॉक्समध्ये अनुस्वार आणि वेलांट्या पुसट होतात ते वेगळेच. देवनागरीत एका टिंबाने ‘मद’चा ‘मंद’ होतो, एका मात्रेने शब्द बदलतो. इंग्रजी पेपरात चालून जाणारी अंधुक प्रत मराठीत चालत नाही.

त्यापेक्षा मूळ फाइलच मोठ्या अक्षरात नव्याने मांडा. कागद ए-फोर, बिनचमकीचा, एकाच बाजूला छापलेला. ओळींतले अंतर दीडपट, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकत नाहीत. आकार कोणता, हे मुलाला विचारूनच ठरवा, पण विचारण्याची पद्धत नीट हवी. एक ओळ दाखवून ‘दिसते ना?’ म्हटले की मूल हो म्हणते. १६, १८, २० आणि २४ पॉइंटचा एकेक परिच्छेद द्या, प्रत्येक पाच-पाच मिनिटे वाचू द्या, आणि कुठे अडखळते, मान कुठे अवघडते, डोळ्यांतून पाणी केव्हा येते ते बघा. एक धोका लक्षात ठेवा: रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या आजारात नजरेचे क्षेत्र नळीएवढे उरते. अशा मुलाला अक्षर फार मोठे केले तर एका नजरेत शब्द मावत नाही आणि वाचन उलट मंदावते. त्याला ठळक काळी शाई आणि बाजूने येणारा चांगला उजेड जास्त उपयोगी. आल्बिनिझम (त्वचेत आणि डोळ्यांत रंगद्रव्य कमी असणे) असलेल्या मुलाला मात्र खिडकीसमोर बसवणे म्हणजे शिक्षाच. त्याची पाठ खिडकीकडे हवी.

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ब्रेल, लेखनिक की संगणक हे एकदा ठरवून सगळ्या विषयांना लावू नका. भाषेच्या उताऱ्याला ब्रेल, गणिताला ब्रेल प्रश्नपत्रिका आणि लेखनिक दोन्ही, निबंधाला संगणक, असे विषयवार मिश्रण अनेकांना सोयीचे पडते. छापील एक पान ब्रेलमध्ये साधारण अडीच ते तीन पाने होते, आणि सराईत वाचकाचाही ब्रेल वाचनाचा वेग छापील वाचनाच्या निम्म्याच्या आसपास असतो. यावरून उघड आहे की लांबलचक उतारा आणि त्यावर मागच्या पानावर प्रश्न ही रचना त्याच्यावर अन्याय करते. उतारा सुट्या पानांवर द्या, प्रश्नांचे पान वेगळे ठेवा. मग डावा हात उताऱ्यावर आणि उजवा प्रश्नावर ठेवता येतो. प्रश्न उताऱ्याआधी दिले तर आणखी बरे.

युनिकोड मजकूर असेल तर लिबलुई या मोफत प्रणालीतून मराठी ब्रेल तयार करता येते. तिच्यात मराठीचा तक्ता आहे. पण यंत्रातून निघालेले ब्रेल ब्रेल जाणणाऱ्या माणसाने बोटांनी वाचून तपासल्याशिवाय मुलाच्या हातात देऊ नका. तालुक्याच्या गट साधन केंद्रात सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचे समावेशित शिक्षण विशेषतज्ज्ञ असतात, तिथून सुरुवात करा. शहरात सातपूरला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या महाराष्ट्र शाखेचे काम आहे, तिथेही विचारा.

उठावाच्या आकृत्या शाळेतही बनतात. जाड कागदाखाली रबरी चटई ठेवायची आणि शिंप्याच्या दातेरी चक्राने मागच्या बाजूने रेघ ओढायची. पुढच्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठते. इथे हमखास होणारी चूक अशी की मागून काढलेली आकृती पुढे आरशासारखी उलटी येते. काटकोन डावीकडे हवा असेल तर मागून तो उजवीकडे काढायचा. नकाशात ही चूक झाली तर गोदावरी पश्चिमेकडे वाहू लागते. दोन रेघांत किमान तीन मिलिमीटर अंतर हवे, त्याहून जवळच्या रेघा बोटाला एकच वाटतात. नदी, सीमा आणि रेल्वे अशा तीन गोष्टी एकाच नकाशात कोंबू नका. प्रश्नाला लागेल तेवढेच ठेवा आणि प्रत्येक रेघेचा पोत वेगळा करा: ठिपके, चिकटवलेली सुतळी, लोकर. त्र्यंबकेश्वर आणि गंगापूर धरण दाखवायचे असेल तर नदी आणि दोन ठिकाणे पुरेत, जिल्ह्याच्या सगळ्या तालुक्यांच्या सीमा कशाला? सजावटीची चित्रे काढूनच टाका.

आकृती शब्दांत सांगायची वेळ आली तर वर्णन आधीच लिहून ठेवा, लेखनिकावर सोपवू नका. वर्णनात फक्त दिलेली माहिती यावी, काढायचे उत्तर नाही. डीई ही रेषा बीसीला समांतर आहे हे प्रश्नात दिलेले असेल तर सांगा. ते सिद्ध करायचे असेल आणि वर्णनातच सांगून बसलात तर प्रश्न बाद झाला.

गणित मोठ्याने वाचणे ही वेगळी कला आहे आणि ती शिकवावी लागते. ‘एक्स अधिक दोन छेद तीन’ असे वाचले तर छेद फक्त दोनला लागतो की पूर्ण पदावलीला, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. उत्तरे दोन निघतात. वाचायची पद्धत ठरवून घ्या: ‘अपूर्णांक सुरू, अंश एक्स अधिक दोन, अंश संपला, छेद तीन, अपूर्णांक संपला.’ कंस, वर्गमूळ आणि घात यांनाही असेच सुरू आणि संपला. कानाला लांबट वाटते, पण शंका उरत नाही. मराठी संख्यानामांचीही गोम आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द घाईत सारखे ऐकू येतात. सदुसष्ट आणि अडुसष्टचेही तसेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला. वर्गात काय शिकवावे हा प्रश्न बाजूला ठेवा. परीक्षेत वाचून दाखवताना मात्र संख्येचे नाव घेऊन लगेच अंक सुटे सांगावेत, ‘एकोणसत्तर, सहा नऊ’. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलांनाही याचा फायदा होतो.

लेखनिकाबद्दल. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावे असे म्हटले होते. म्हणून दहावीच्या मुलासाठी नववीचा लेखनिक येतो, आणि दहावीच्या पेपरातले शब्द त्याने कधी ऐकलेलेच नसतात. तो ‘थीटा’वर अडतो, ‘अपवर्तनांक’ चुकीचा लिहितो, सेमी-इंग्रजीच्या मुलाचे स्पेलिंग प्रत्येक वेळी विचारतो. यावर उपाय सोपा आहे: विषयागणिक संज्ञा आणि चिन्हांची एक पानी यादी, अर्थाशिवाय, आठवडाभर आधी त्याला लिहायला आणि वाचायला द्या. त्यात आशय नसल्याने कुणाला हरकत घेण्याचे कारण नाही.

लेखनिक पेपरच्या सकाळी पहिल्यांदा भेटत असेल तर त्या पेपरातला बराच वेळ ओळख होण्यातच जातो. जोडीने किमान तीन पूर्ण सराव पेपर सोडवायला हवेत, पूर्ण वेळ लावून. पहिल्या पेपरात बहुतेक मुलांची उत्तरे आखूड येतात, कारण मनात वाक्य जुळवून ते तोंडाने सांगणे आणि मागचे वाक्य लक्षात ठेवणे हे हाताने लिहिण्याहून निराळे कौशल्य आहे. ‘नवा परिच्छेद’, ‘खाली रेघ’, ‘शेवटचे वाक्य वाच’, ‘कोणते प्रश्न राहिले ते सांग’ ही वाक्ये मुलाच्या तोंडी बसली पाहिजेत. लेखनिकाने काय करू नये हेही सरावातच पक्के करा: बरोबर पर्याय वाचताना आवाज चढवायचा नाही, चारही पर्याय एका सुरात; चुकीचे वाक्य सुधारायचे नाही; ‘नक्की?’ असे विचारायचे नाही. बहुतेक लेखनिक मुद्दाम मदत करत नाहीत, पण त्यांचा सूर बोलतो. प्रत्येक मुलामागे एक राखीव लेखनिक तयार ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नववीची मुलेही आजारी पडतात.

कर्णबधिर विद्यार्थ्यांबद्दल सर्वात मोठा गैरसमज असा की त्यांना दिसते, म्हणजे छापील पेपर त्यांना सुलभच आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आणि भारतीय सांकेतिक भाषेत वाढलेल्या मुलासाठी मराठी ही दुसरी भाषा आहे. अडचण अवघड शब्दांपेक्षा वाक्याच्या बांधणीत जास्त असते. मराठीत ‘-लेल्या’, ‘-णाऱ्या’, ‘-ताना’ लावून एकाच वाक्यात तीन वाक्ये कोंबता येतात, आणि पेपर काढणाऱ्यांना ती सवयच असते. हा प्रश्न बघा: ‘पाण्याअभावी पिके करपू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी अवलंबलेल्या, परंतु दीर्घकाळ टिकू न शकलेल्या उपायांपैकी कोणताही एक सांगून तो का टिकला नाही ते लिहा.’ तोच असा लिहा: ‘पाणी कमी होते. पिके करपू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी काही उपाय केले. काही उपाय टिकले नाहीत. (अ) असा एक उपाय लिहा. (आ) तो का टिकला नाही?’ आशय तोच, गुण तेच. ‘बाष्पीभवन’, ‘ठिबक सिंचन’ हे विषयाचे शब्द मात्र सोपे करायला जाऊ नका. ते त्याला शिकवलेले आहेत आणि तेच तपासायचे आहेत. ‘खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही’ यांसारखे दुहेरी नकार सगळ्यांच्याच पेपरातून काढून टाका. ‘कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘टीप लिहा’ अशी आठ-दहा आज्ञापदे वर्षभर एकाच रूपात वापरा आणि त्यांच्या खुणा मुलांना आधी शिकवून ठेवा.

परीक्षा हॉलमध्ये त्यांच्यासाठी तीन साध्या गोष्टी. पर्यवेक्षकाने केलेली प्रत्येक सूचना फळ्यावरही लिहायची, विशेषतः प्रश्नपत्रिकेतली दुरुस्ती आणि ‘१५ मिनिटे राहिली’. बोलताना फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही. आणि श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले ऐकण्याचे उपकरण) हे ब्ल्यूटूथचे उपकरण समजून झडतीत काढायला लावू नये म्हणून केंद्रावर आधीच लेखी कळवायचे. जादा बॅटरी सोबत असू द्यायची. इंग्रजीच्या श्रवण चाचणीला पर्यायी वाचन कृती द्यावी.

अध्ययन अक्षम मुलांना कागदावर सगळ्यात जास्त सवलती असतात आणि प्रत्यक्षात सगळ्यात कमी मिळतात, कारण त्यांची अडचण डोळ्यांना दिसत नाही. डिस्लेक्सियात प्रश्न वाचून दाखवणारा माणूस हवा. डिसग्राफियात (हाताने लिहिण्याची अडचण) टंकलेखन किंवा लेखनिक हवा. तिथे वाचक देऊन उपयोग नाही. डिस्कॅल्क्युलियात (आकड्यांची अडचण), आकडेमोड हेच उद्दिष्ट नसेल तर, कॅल्क्युलेटर किंवा पाढ्यांचा तक्ता हवा. तिघांना एकच सवलतींचा संच देणे म्हणजे सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा देणे. शाळेच्या चाचण्यांत आणखी एक करता येते: एकाच प्रकारची पाच उदाहरणे असतील तर या मुलांसाठी दोन ठेवा आणि गुण त्याच प्रमाणात द्या. दोन सोडवता आली तर पद्धत कळली आहे. उरलेली तीन फक्त थकवा मोजतात.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बाबतीत जादा वेळ आणि विश्रांती यांतला फरक समजून घ्या. त्याला सलग चार तास बसवणे म्हणजे शेवटच्या तासात स्नायू ताठरलेले आणि लिखाण संपलेले. दर ४० ते ४५ मिनिटांनी पाच मिनिटे घड्याळ थांबवा. ही पाच मिनिटे जादा वेळातून कापू नका. व्हीलचेअर असेल तर बाक चालत नाही, खाली गुडघे मावतील असे मोकळे टेबल हवे, आणि खोली तळमजल्यावर, स्वच्छतागृहाजवळ. उच्चार अस्पष्ट असतील तर लेखनिक त्याच्या बोलण्याला सरावलेला असलाच पाहिजे. अनोळखी लेखनिकाचा आग्रह इथे धरू नये. संगणकावर लिहीत असेल तर शब्द सुचवणारी आणि चुका सुधारणारी सोय भाषेच्या पेपरापुरती बंद ठेवा, इतर विषयांत चालू.

इथे नाशिकच्या हवेचाही विचार हवा. पूर्वपरीक्षा जानेवारीत येते, आणि आपल्याकडची जानेवारीची सकाळ, त्यातही निफाड पट्ट्यातली, हाडे गोठवते. गार पडलेल्या बोटांची संवेदना मंदावते, ब्रेलचे ठिपके नीट लागत नाहीत. थंडीत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे स्नायूही जास्त ताठरतात. सकाळच्या सत्राची शाळा असली तरी या दोघांचा पेपर ११ वाजता ठेवा, खोली उन्हाच्या बाजूची निवडा आणि सुरुवातीची काही मिनिटे हात शेकायला द्या. खर्च काहीच नाही आणि गुणांत फरक पडतो.

कायद्याचा आधार थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्याच्या कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत योग्य बदल करण्याचे कर्तव्य सांगितले आहे; जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही तिथली उदाहरणे आहेत. २०१८ च्या सूचनांनुसार भरपाईचा वेळ तासाला किमान २० मिनिटे. तासाहून लहान परीक्षेला त्याच प्रमाणात आणि पाचाच्या पटीत. म्हणजे तीन तासांना ६० मिनिटे आणि ४० मिनिटांच्या घटक चाचणीला १५ मिनिटे. प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांपेक्षा कमी लिहिले म्हणून सवलत नाकारणे चुकीचे आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचनाही निघाल्या. शाळेच्या अंतर्गत चाचणीला तर प्रमाणपत्राची वाट बघूच नका. अडचण दिसली की सोय सुरू करा, कागद मागून येतील.

ऑनलाइन चाचण्या घेत असाल तर माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने संपूर्ण चाचणी देऊन बघा. जिथे अडकाल तिथे दृष्टिहीन मूलही अडकेल. चित्र ओढून जागेवर नेण्याचे प्रश्न बहुधा तिथेच अडतात. परीक्षेसाठी संगणक कुलूपबंद करणारे सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरलाही बंद करू शकते, हे दोन आठवडे आधी तपासा. ओएमआर, म्हणजे गोळे रंगवायची, उत्तरपत्रिका दृष्टिहीन, सेरेब्रल पाल्सी आणि डिस्लेक्सिया या तिघांनाही अडचणीची. प्रश्नपत्रिकेवरच उत्तरावर खूण करू द्या आणि पर्यवेक्षकाने दुसऱ्या शिक्षकासमोर ती ओएमआरवर उतरवावी.

वेळापत्रक. जूनमध्ये सातही मुलांसाठी एकेक पान तयार करा: प्रश्नपत्रिका कोणत्या रूपात, उत्तर कोणत्या रूपात, किती वेळ, विश्रांती कधी, बसण्याची जागा. मुलाला आणि पालकांना समोर बसवून ते भरा. पहिल्या घटक चाचणीत वापरून बघा आणि चाचणीनंतर मुलाला तीनच गोष्टी विचारा: काय वाचता आले नाही, वेळ कुठे गेला, काय नको होते. ‘काय नको होते’ हे विचारायला विसरू नका. पुष्कळ मुलांना वेगळी खोली नको असते आणि ती भिडेपोटी बोलत नाहीत. पान दुरुस्त करा, प्रथम सत्रात पुन्हा वापरा. बोर्डाचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरले जातात, तोवर नाशिक विभागीय मंडळाकडे द्यायच्या प्रस्तावासोबत जूनपासून प्रत्यक्ष वापरलेल्या सोयींची नोंद तयार असते. कर्णबधिर मुलांच्या भाषेच्या सवलतीचा निर्णय मात्र दहावीवर ढकलू नका, आठवी-नववीतच विषय ठरवा. पूर्वपरीक्षा हुबेहूब बोर्डासारखी घ्या: तोच लेखनिक, तेवढाच वेळ, तशीच खोली.

आणि जादा वेळ खरोखर वापरता येतो का, हे त्या दिवशी वर्गाबाहेर उभे राहून बघा. ११ ला सुरू झालेला पेपर या मुलांचा तीनच्या पुढे संपतो. तोवर दुपार सत्राची मुले व्हरांड्यात आलेली असतात, मधल्या सुट्टीची घंटा होते, पर्यवेक्षक गठ्ठे बांधायला उठतात आणि फाटकावर व्हॅनवाले काका हॉर्न देतात. हॉर्न ऐकून मूल पेपर देऊन टाकते. शेवटच्या तासासाठी वेगळा पर्यवेक्षक नेमा, ती खोली दुपार सत्राच्या वर्गांपासून लांब ठेवा, डबा आणि पाणी आत नेऊ द्या आणि व्हॅनची वेळ आदल्या आठवड्यात पालकांकडून लेखी बदलून घ्या.